जरा माझे लूम बघ

शनिवार सकाळ, चहाचा दुसरा कप, आणि आजचा विषय सुट्टी. गोव्याची नव्हे. कामाच्या दिवसात मधेच मिळते ती, चहापुरती, जेवणापुरती. शुद्ध मराठीत 'ब्रेक' :-) आपण सगळे तो घेतो, दिवसातून चार-पाच वेळा घेतो, आणि तरी संध्याकाळी सहाला डोकं भोपळ्यासारखं झालेलं असतं. असं का होतं, याचं माझ्यापुरतं उत्तर मला मागच्या महिन्यात सापडलं. तेही एका चुकीमुळे, आणि घरातच.

चूक आधी सांगतो. गुरुवार होता आणि मी घरून काम करत होतो. घर म्हणजे निजामपुरा, भिवंडी. (आमच्या महापालिकेचं पूर्ण नाव 'भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका' असं आहे. मोहल्ल्याचं नाव पाटीवर आहे, एवढाच काय तो आमचा रुबाब.) सकाळी साडेनऊपासून खुर्चीला चिकटलेलो. दोन वाजता आईने ताट टेबलावरच आणून ठेवलं. उजव्या हातात भाकरी, म्हणून माउस डाव्या हातात. त्याच अवस्थेत मी तारखेच्या फॉरमॅटचा एक किरकोळ बदल केला, टेस्ट हिरव्या झाल्या, आणि तो प्रॉडक्शनला ढकलून दिला.

या धंद्यातल्या लोकांना पुढचं कळलं असेल. दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली होती. महिन्याची तेरा तारीख उलटून गेली असती तर सिस्टिमने लगेच बोंब मारली असती, कारण तेरावा महिना नसतो. पण त्या दिवशी होती पाच तारीख. पाचवा महिना असतो. त्यामुळे कुठेही एरर नाही, अलर्ट नाही, सगळे दिवे हिरवे. सिस्टिम पाच तास अत्यंत प्रामाणिकपणे चुकीच्या तारखा लिहीत बसली. संध्याकाळी सातला एका सहकाऱ्याच्या लक्षात आलं, तोवर काही हजार नोंदी बिघडल्या होत्या. रात्री अडीचपर्यंत आम्ही दोघं त्या निस्तरत होतो. चूक माझी आणि जागरण त्याचंही.

आता गंमत बघा. त्या दिवशी मी ब्रेक घेतले नव्हते असं अजिबात नाही. अकराला चहा. बाराला दहा मिनिटं रील्स. साडेतीनला गॅलरीत एक चक्कर. पण चहा पिताना मी स्लॅकवर उत्तरं देत होतो, रील्सच्या मधे दोनदा जिरावर डोकावून आलो, आणि गॅलरीत फोन हातातच होता. हे कसले ब्रेक? खुर्ची बदलून केलेलं कामच ते.

रात्री अडीचला पाणी प्यायला उठलो तर बाबा जागे. काय झालं म्हणून विचारलं त्यांनी. मी जमेल तसं समजावून सांगितलं. सर्व्हर वगैरे त्यांना काही कळत नाही, पण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे ताणा तुटला होता तुझा. बाणा नाही."

याचा अर्थ सांगायला थोडं मागे जावं लागेल.

बाबांनी तीस वर्षं इथल्या एका यंत्रमाग कारखान्यात मेहता म्हणून काम केलं. मेहता म्हणजे मालक आणि कामगार यांच्या मधला माणूस. हजेरी, सूत किती आलं, कापडाचे तागे किती निघाले, कुणाची मजुरी किती, हा सगळा हिशेब त्याच्याकडे. शिवाय कापड तपासणं. निजामपुऱ्यात वाढलेल्या कुणालाही लूमचा आवाज वेगळा सांगावा लागत नाही. तो बंद झाला की झोपमोड होते.

तर कापडात दोन प्रकारचे धागे असतात. उभे धागे म्हणजे ताणा, ते बीमवरून सरळ येतात. आडवा धागा म्हणजे बाणा, तो शटलमधल्या कांडीवरून येतो. साध्या लूमवर बाणा तुटला किंवा कांडी संपली की लूम आपोआप थांबतो. तशी सोयच असते त्यात, आडवा धागा जागेवर नाही असं दिसलं की यंत्र बंद. कामगार येतो, कांडी बदलतो, दांडा ओढतो, पुन्हा खडखड सुरू. पण ताण्यातला हजारेक धाग्यांपैकी एखादा तुटला तर बऱ्याचशा जुन्या साध्या लूमना त्याचा पत्ताच लागत नाही. लूम चालूच राहतो. कापडही विणलं जातं. फक्त त्यात एक बारीक उभी रेघ पडत जाते, आणि कुणाची नजर पडेपर्यंत ती लांबतच राहते.

आमच्या भाषेत सांगायचं तर बाणा तुटणं म्हणजे क्रॅश आणि ताणा तुटणं म्हणजे माझी पाच तारीख.

बाबांचं म्हणणं असं, की कांडी बदलायला कामगाराची नजर लागत नाही, हात पुरतात. थकलेला माणूसही कांड्या भराभर बदलतो. ताणा बघायला मात्र ताजी नजर लागते. "रेघवाला माल पाळीच्या शेवटीच जास्त यायचा," ते म्हणाले. "मी मजुरी कापायचो. तेव्हा वाटायचं, पोरं कामचुकार आहेत."

हे शेवटचं वाक्य ते जरा हळू बोलले. ऐकायला कमी येतं म्हणून बाबा नेहमी ओरडूनच बोलतात, त्यामुळे माझ्या ते लक्षात राहिलं.

माणूस दमला की थांबत नाही, हीच तर खरी अडचण आहे. दमल्यावर आपण थांबलो असतो तर ब्रेकवर कुणाला लिहावंच लागलं नसतं. पण आपण चालू राहतो, मेल जातात, मीटिंगा होतात, कोड लिहिला जातो. फक्त रेघ पडत जाते.

हे नुसतं माझ्या बाबांचं तत्त्वज्ञान आहे असं समजू नका. २०२२ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात बावीस अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं होतं, दहा मिनिटांपर्यंतच्या छोट्या ब्रेकवर. त्यात असं दिसलं, की छोट्या ब्रेकने थकवा थोडा कमी होतो, हुशारी थोडी वाढते, पण डोक्याला ताण देणाऱ्या कामाची प्रत सुधारायला तेवढे पुरत नाहीत, त्याला जास्त वेळ लागतो. त्याआधी २००९ मध्ये सोफी लरॉय या संशोधिकेने दाखवलं होतं, की एक काम अर्धवट टाकून आपण दुसरीकडे वळलो तरी लक्षाचा काही भाग पहिल्याच कामाला चिकटून राहतो. म्हणजे शरीर गॅलरीत आणि डोकं तिकिटात.

मग उपाय काय? ब्रेक म्हटलं की आपल्या धंद्यात पहिला उल्लेख होतो टोमॅटोचा. फ्रान्चेस्को सिरिलो नावाच्या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या शेवटी, विद्यार्थी असताना, स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ समोर ठेवून अभ्यास सुरू केला. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी. टोमॅटोला इटालियनमध्ये पोमोदोरो म्हणतात, म्हणून 'पोमोदोरो तंत्र'. मी ते दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा चौथ्या दिवशी टोमॅटो सडला. कारण सोपं आहे. घड्याळ वाजलं हे मला कळतं, पण स्लॅकवर वाट बघणाऱ्या माणसाला कुठे कळतं? माझे लूम चालूच असतात. विद्यार्थ्याचं पुस्तक पाच मिनिटं बंद ठेवलं तर ते गुपचूप पडून राहतं. आपलं काम तसं नाही.

आणि इथेच मला बाबांचा कारखाना जास्त कामाचा वाटतो.

एक कामगार चार-सहा लूम सांभाळतो, कुठे त्याहून जास्त. बारा-बारा तासांच्या पाळ्या. दर काही मिनिटांनी कुठली ना कुठली कांडी संपतेच. मग हा माणूस चहा कधी पिणार? नमाज कधी पढणार? बिशीत जेवायला कधी जाणार? (बिशी म्हणजे गावाहून एकट्याने आलेल्या कामगारांची खाणावळ.)

लहानपणी मी बाबांचा डबा घेऊन जायचो तेव्हा हे रोज बघितलंय, पण कळलं नव्हतं. आवाज इतका की बोलणं अशक्य. आझमगडचे एक चाचा होते. ते शेजारच्या लूमवाल्याकडे बघायचे, दोन बोटांनी डोळ्यांकडे खूण करायचे आणि मग आपल्या लूमकडे हात फिरवायचे. जरा माझे लूम बघ. शेजारचा मान हलवायचा. बस्स. चाचा बाहेर. आणि बाहेर आल्यावर ते खरोखर बाहेर असायचे. ओट्यावर बसून कटिंग प्यायचे, माझी चौकशी करायचे, "बेटा, इम्तिहान कब है?" आत काय चाललंय म्हणून एकदाही वळून बघायचे नाहीत. पंधरा मिनिटांनी आत जायचे, आणि मग शेजारचा बाहेर यायचा. आता त्याचेही लूम चाचांकडे.

त्या पंधरा मिनिटांत शेजारचा माणूस बारा लूम सांभाळत असायचा. म्हणजे ती सुट्टी फुकट नव्हती. कुणीतरी ती आपल्या अंगावर घेऊन दिलेली होती, आणि उद्या ती परत द्यायची होती. म्हणूनच ती खरी होती.

मला जे म्हणायचंय ते इतकंच. ब्रेक ही एकट्याने घेण्याची गोष्ट नाही. तो कुणीतरी द्यावा लागतो. तुमचे लूम दुसऱ्याने हातात घेतले नसतील तर तुम्ही हिमालयात जा, ब्रेक मिळणार नाही.

नुसतं काम बंद पडणं म्हणजेही सुट्टी नव्हे, हेही भिवंडीने मला शिकवलंय. २००७ च्या जानेवारीत इथलं वीजवितरण फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवरकडे गेलं. त्याआधीचं लोडशेडिंग ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवेल. लाइट गेली की अख्खा मोहल्ला एकदम गप्प. कामगार ओट्यावर येऊन बसायचे. आम्हा पोरांना मजा वाटायची, गल्लीत माणसं दिसायची. पण त्या लोकांचे चेहरे चहावाल्या सुट्टीसारखे नसायचे. मजुरी निघालेल्या कापडावर होती, तासांवर नव्हती. बसलेलं प्रत्येक मिनिट खिशातून जात होतं. आपला सर्व्हर डाउन झाला की आपणही असेच बसतो ना, हात रिकामे आणि छातीत धडधड? तसंच.

आता थोडा इतिहास, कारण ही अर्ध्या तासाची सुट्टी आपल्याला आयती मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे हे नाव बहुतेकांनी रविवारच्या सुट्टीमुळे ऐकलं असेल. जन्म १८४८, आमच्या शेजारच्या ठाण्याचा. 'दीनबंधू'चे संपादक. १८८१ साली देशातला पहिला फॅक्टरी कायदा आला, पण त्यात कामाच्या मधल्या सुट्टीची तरतूद होती फक्त लहान मुलांसाठी. १८८४ मध्ये लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. त्यात रविवारच्या सुट्टीच्या बरोबरीने एक मागणी होती दुपारच्या अर्ध्या तासाची. आणि काम किती वेळ असावं? सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. ही मागणी होती! म्हणजे प्रत्यक्षात काय चालत असेल बघा. १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवार मान्य केला आणि १८९१ च्या कायद्याने मोठ्या माणसांनाही दुपारचा अर्धा तास मिळाला.

(आमच्या भिवंडीत लूमची सुट्टी शुक्रवारी. त्यामुळे शाळेच्या रविवारी मी घरी आणि बाबा कामावर. असो.)

त्या काळच्या गिरणीत एक सोय होती. एका मोठ्या इंजिनावर पट्टे लावून सगळे माग चालायचे. इंजिन थांबलं की सगळे थांबले. कुणी कुणाचं काही बघायची गरज नाही. पुढे प्रत्येक लूमला आपली मोटर आली, आणि आता आपल्या सर्व्हरना तर रात्रही नसते. यंत्र थांबेनासं झालं तसं माणसाने थांबायचं कसं, हा प्रश्न माणसांवरच येऊन पडला.

कायद्यात तो अर्धा तास पुढेही लिहिलेला राहिला. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात होता. २०१७ च्या महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात तो आला, म्हणजे आपल्यासारख्या ऑफिसवाल्यांसाठीही. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम करून घ्यायचं नाही, मधे किमान अर्धा तास, असं तेव्हा त्यात लिहिलं होतं. पण वारं उलटं वाहतंय. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने रोजच्या तासांची मर्यादा कारखान्यांत नऊवरून बारा आणि दुकानं-आस्थापनांत नऊवरून दहा करायला मंजुरी दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कायद्याच्या जागी नवी संहिता आली. जुना कायदा मुळात वीज वापरणाऱ्या, दहा किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला लागू होता, आता 'कारखाना' म्हणवून घ्यायला वीस लागतात. भिवंडीतल्या गल्लीतल्या छोट्या शेडचं काय, ते तुम्हीच ठरवा. चाचांना त्यांची पंधरा मिनिटं कुठल्या कलमाने दिली नव्हती. शेजारच्याने दिली होती.

ठीक आहे, मी काय केलं ते सांगतो.

त्या तारखेच्या प्रकरणानंतर, ज्या सहकाऱ्याचं जागरण झालं त्यालाच मी विचारलं. रोज सव्वा ते पावणेदोन मी तुझे अलर्ट आणि मेसेज बघतो, पावणेदोन ते सव्वादोन तू माझे बघ. तो आधी हसला. मग म्हणाला, चालेल. नियम तीनच ठेवले. एक, जाताना दोन ओळी लिहून जायचं, काय चालू आहे आणि काय पेटू शकतं. दोन, फोन घरात किंवा ड्रॉवरमध्ये. सर्व्हर खरंच कोसळला तर तो आईच्या फोनवर करेल, तिचा नंबर त्याच्याकडे आहे. (आजवर एकदाही आला नाही. आई जरा नाराज आहे.) तीन, परत आल्यावर आधी त्याचा निरोप ऐकायचा, मग स्क्रीन.

त्या अर्ध्या तासात मी काय करतो? विशेष काही नाही. ताट घेऊन आई-बाबांबरोबर बसतो. मग मंडईपर्यंत चालत जाऊन येतो. पहिले दोन-तीन दिवस रिकाम्या खिशाकडे हात जात होता. आठवड्याभरात तो जायचा थांबला.

आता तुम्ही म्हणाल, आमचा मॅनेजर हे चालू देणार नाही. मला वाटतं, हे त्याला 'विश्रांती' म्हणून सांगूच नका. रात्रीसाठी ऑन-कॉलची पाळी आपण लावतोच ना? रात्रीच्या तीनला कुणाकडे जबाबदारी आहे ते कागदावर असतं, आणि दुपारच्या दोनला ती सगळ्यांकडे असते, म्हणजे सगळेच अर्धे जागे. त्याला एवढंच दाखवा. दुसरं, 'माझ्याशिवाय चालणार नाही' असं ज्यांना वाटतं त्यांना सांगतो, मलाही वाटायचं. दोन ओळी लिहायला बसलो की कळतं, की बहुतेक दिवशी पेटण्यासारखं काही नसतंच.

एक अडचण मात्र खरी आहे. काही टीममध्ये असा शेजारी नसतो. प्रत्येकाला आपापल्या रेटिंगची पडलेली, दुसऱ्याचे लूम बघायला वेळ कुणाला? तिथे हे जमणार नाही, आणि तिथे टोमॅटोही चालणार नाही. अशा ठिकाणी सुरुवात मागून होत नाही, देऊन होते. उद्या शेजारच्याला म्हणा, जा, जेवून ये नीट, मी बघतो. निदान तीन दिवस म्हणून बघा.

हे सगळं मी बाबांना वाचून दाखवलं, म्हणजे ओरडून दाखवलं. ऐकून झाल्यावर म्हणाले, "चाचांचं लिहिलंस ते बरं केलंस. पण एक राहिलं. पाळी संपताना मजुरी कापण्याऐवजी मीच एकदा म्हणायला हवं होतं, जा, मी बघतो लूम. मला चालवता येत होता की."

ता. क. : सव्वा वाजत आलाय, आज शनिवार असला तरी. बाबा ताटावर थांबलेत.